सगळ्यांचे ठसे आणि डोळे एका डेटाबेसमध्ये टाकले की देश सुरक्षित होतो का?

शंकासूर_दोन
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज मात्र धागा काढल्याशिवाय राहवेना. परवा फॅमिली ग्रुपवर जुंपली. मेहुण्यांचं म्हणणं, प्रत्येक माणसाच्या दहाही बोटांचे ठसे, डोळे, चेहरा सगळं एका डेटाबेसमध्ये टाका, स्टेशनं, विमानतळं, चौक सगळीकडे कॅमेरे लावा, संपला दहशतवाद, ज्याच्याकडे लपवायला काही नाही त्याने घाबरायचं कशाला वगैरे वगैरे. मी म्हणलं एवढं सोपं असतं तर आत्तापर्यंत कुठल्यातरी देशाने करून मोकळं नसतं का केलं? पण मला मुद्देसूद काही मांडता येईना, मग मेहुण्यांनी अंगठ्याचा इमोजी टाकून विषय संपवला. (अंगठाच टाकला, बघा!)

तर हे बायोमेट्रिक प्रकरण देशाच्या सुरक्षेला नक्की कुठे कामाला येतं आणि कुठे नुसता देखावा असतो, हे कोणी फील्डमधलं असेल तर जरा फोड करून सांगा ना. प्रायव्हसीवरचं भाषण नको, ते माझं पाठ आहे.

मॅचिंगवाला
सहा वर्षं ठसे-चेहरे जुळवणाऱ्या (मॅचिंग) सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलंय त्यामुळे थोडं बोलू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे लोक दोन वेगळी कामं एकच समजतात. एक, पडताळणी. तुम्ही म्हणता मी अमुक, मशीन तुमचा ठसा फक्त त्या अमुकच्या ठशाशी ताडून बघतं, एकास एक. दुसरं, ओळख पटवणं. तुम्ही कोण ते माहीत नाही, मशीन तुमचा चेहरा लाखो चेहऱ्यांच्या यादीतून शोधत बसतं, एकास अनेक. पहिलं काम आजकाल मस्त होतं. दुसऱ्यात गोची आहे, आणि मेहुण्यांना हवंय ते दुसरं, तेसुद्धा चालत्या गर्दीवर.

गोची गणिताची आहे. समजा कॅमेऱ्याखालून दिवसाला १ लाख माणसं जातात आणि सिस्टीम इतकी भारी की हजारात एकदाच चुकते. ऐकायला किती छान ना, ९९.९ टक्के! पण म्हणजे रोज १०० निरपराध लोकांवर अलार्म वाजणार, आणि त्या लाखात खरा अतिरेकी बहुतेक दिवशी एकही नसणार. चौथ्या दिवशी ड्युटीवरचा माणूस अलार्मकडे बघायचंच सोडतो, हे मी लिहून देतो, कारण आम्ही टेस्टिंगवाले स्वतःच आठवड्यात कंटाळायचो.

हे नुसतं कागदावरचं नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये कार्डिफला फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगची फायनल होती, तिथे वेल्सच्या पोलिसांनी चेहरे ओळखणारे कॅमेरे लावले. एकूण २,४७० अलर्ट आले, त्यातले २,२९७ चुकीचे. सिस्टीम अगदीच भंगार होती असंही नाही, गर्दी मोठी आणि त्यात पोलिसांना हवी असलेली माणसं मूठभर असली की असंच होतं.

मग कोणी म्हणेल थ्रेशोल्ड वाढवा, म्हणजे मशीनने अगदी पक्की खात्री झाल्यावरच ओरडायचं. वाढवा की. मग खोटे अलार्म कमी होतात आणि त्याच हिशोबाने खरा माणूस निसटायला लागतो. एकच नॉब आहे हो तो, इकडे फिरवला की तिकडे सैल होतो.

सीमारेषा
मॅचिंगवाल्यांशी सहमत पण चित्र जरा जास्तच काळं रंगवलंत राव. जिथे माणूस एका रांगेत उभा राहतो, लाइट नीट असतो, एकेकाला तपासायला वेळ असतो, म्हणजे व्हिसा काउंटर आणि इमिग्रेशन, तिथे बायोमेट्रिकने प्रचंड फरक पडलाय.

अमेरिकेने २००४ च्या जानेवारीपासून बाहेरून येणाऱ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, आधी दोन बोटं, नंतर दहाही. दहा कशासाठी, तर स्फोट झालेल्या जागेवर किंवा बॉम्बच्या तुकड्यांवर जो ठसा सापडतो तो कुठल्या बोटाचा असेल काय सांगता येतं? दोनच बोटं साठवली असतील तर बाकी आठांवर पाणी सोडायचं. इराक आणि अफगाणिस्तानात बॉम्बच्या अवशेषांवरून उचललेले ठसे असेच डेटाबेसशी जुळवून बॉम्ब बनवणारे शोधायचे, म्हणजे हे काही थिअरी नाहीये.

दुसरं उदाहरण यूएईचं. तिथून हाकललेले लोक नाव बदलून, नवा पासपोर्ट काढून परत यायचे, कागद अस्सल, माणूस जुना. मग त्यांनी सीमेवर डोळ्याच्या बुबुळाचं स्कॅनिंग सुरू केलं आणि असे लोक धडाधड सापडायला लागले. गंमत म्हणजे काही जण बाहुली मोठी करणारे ड्रॉप डोळ्यात घालून यायला लागले, बाहुली फाकली की भोवतीची रंगीत पट्टी आकसते आणि मशीन गोंधळतं, मग सिस्टीमला बाहुली किती मोठी आहे तेही तपासायला शिकवावं लागलं. चोर-पोलीस खेळ असा चालू असतो.

युरोपातही युरोडॅक म्हणून ठशांचा डेटाबेस २००३ पासून चालू आहे, एकाच माणसाने दोन देशांत वेगवेगळ्या नावाने आश्रय मागितला तर कळतं. आणि ई-पासपोर्ट विसरू नका, त्यातल्या चिपवर फोटो आणि देशाची डिजिटल सही असते, त्यामुळे जुन्यासारखा फोटो सोलून दुसरा चिकटवायचा धंदा बसला.

सारांश, एक माणूस एकच ओळख, एवढं काम बायोमेट्रिक चोख करतं. आणि सुरक्षेत हे लहान काम नाही.

जुनी_फाईल
सीमारेषा, सगळं मान्य, पण एक प्रश्न. ११ सप्टेंबर २००१ चे १९ अपहरणकर्ते घ्या. बहुतेक जण स्वतःच्या खऱ्या नावाने, व्हिसा घेऊन आले होते. त्यांचे ठसे घेतले असते तर मशीनने काय सांगितलं असतं? हो, हा तोच आहे. बरं मग? हा तोच आहे हे कोण नाकारत होतं!

मशीन माणूस कोण ते सांगतं, त्याच्या डोक्यात काय शिजतंय ते नाही. आणि कोण तेसुद्धा तो आधीच कुठल्यातरी यादीत असेल तरच उपयोगाचं. ती यादी बनवतात माणसं, खबऱ्यांच्या, चौकशीच्या, फोनच्या, पैशाच्या मागावरून. यादी कच्ची असेल तर पुढे कितीही भारी स्कॅनर लावा, तो कच्च्या यादीशीच जुळवणार.

यादीत असून सापडत नाही तो प्रकार वेगळाच. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटानंतर तो घडवणाऱ्या दोन भावांचे फोटो सरकारी डेटाबेसमध्ये होते तरी फेस रेकग्निशनने त्यांना ओळखलं नाही, हे तिथल्या पोलीस प्रमुखांनीच सांगितलं होतं. टोपी, गॉगल, वरून खाली बघणारा कॅमेरा, संपलं.

आणि याच्या उलट २००४ चं माद्रिद. रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर एका प्लास्टिकच्या पिशवीवर ठसा मिळाला, एफबीआयच्या कॉम्प्युटरने संभाव्य लोकांची यादी काढली, त्यात ओरेगॉनमधला एक वकील. तज्ज्ञांनी बघून सांगितलं शंभर टक्के हाच, पुढे कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञानेही मान डोलावली. दोन आठवडे माणूस कोठडीत. तिकडे स्पॅनिश पोलीस ओरडून सांगतायत की आम्हाला पटत नाही, आणि शेवटी ठसा एका अल्जेरियन माणसाचा निघाला. एफबीआयने माफी मागितली आणि २००६ मध्ये सरकारने २० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

यात मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. डेटाबेस जेवढा मोठा तेवढे त्यात योगायोगाने सारखे दिसणारे ठसे जास्त सापडणार! म्हणजे मेहुण्यांची सगळ्यांना टाका आयडिया अर्धवट ठशांच्या बाबतीत हे असले घोळ वाढवेल. आणि कॉम्प्युटरने पहिलं नाव वर दाखवलं की माणसाचा डोळाही तेच बघायला लागतो.

कोरडी_बोटं
आमच्या ऑफिसच्या हजेरी मशीनला माझा अंगठा आठवड्यातून तीनदा नापसंत असतो, आणि हे लोक त्याच्यावर देश सोडणार 😂

जोक बाजूला, पण हाताने काम करणाऱ्यांच्या, म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात हे खरं आहे. उद्या चेकपोस्टवर मशीन नाही म्हणालं की लगेच संशयित का?

मॅचिंगवाला
@कोरडी_बोटं म्हणूनच शहाण्या सिस्टीममध्ये एकाच गोष्टीवर मदार ठेवत नाहीत, ठसा नाही जुळला तर बुबुळ, तेही नाही तर माणूस बघून ठरवतो. प्रॉब्लेम असा की तो तिसरा रस्ता टेंडरमध्ये कोणी लिहीत नाही, लाइन लांबली की गार्ड बाजूचं फाटक उघडतो आणि सगळी सिक्युरिटी तिथून निघून जाते. हे डोळ्याने बघितलंय, कुठे ते विचारू नका.

@जुनी_फाईल चेहऱ्याच्या बाबतीत अजून एक भर घालतो. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१९ मध्ये खूप अल्गोरिदम तपासले, तर कित्येकांमध्ये आशियाई आणि आफ्रिकन वंशाच्या चेहऱ्यांवर चुकीचं मॅच होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा १० ते १०० पट निघालं. सगळ्यांत नाही, चांगल्या अल्गोरिदममध्ये फरक नगण्य होता. म्हणजे कुठलं सॉफ्टवेअर घेतलं, आपल्या लोकांच्या चेहऱ्यांवर तपासून घेतलं का, हे विचारायला पाहिजे. विकणारा फक्त सरासरी दाखवतो.

कुलूपकिल्ली
सगळे जुळतंय का नाही यावरच बोलतायत. मला विचाराल तर खरा नॅशनल सिक्युरिटीचा प्रश्न आहे की ते कपाट कोण राखणार. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट कुठून बदलणार?

२०१५ ला अमेरिकन सरकारच्या कर्मचारी खात्याचा (ओपीएम) डेटा हॅक झाला, त्यात ५६ लाख लोकांचे ठसे गेले. आधी म्हणाले ११ लाख, नंतर आकडा वाढला. यात सिक्युरिटी क्लिअरन्सवाले लोक होते, म्हणजे ज्यांच्यावर देशाची गुपितं सोपवलेली तेच. आता त्यातला कोणी उद्या दुसऱ्या नावाने परदेशात गेला आणि तिकडे विमानतळावर बोट ठेवलं तर? म्हणजे सुरक्षेसाठी जमवलेलं भांडारच शत्रूच्या हाती.

आणि अफगाणिस्तान. सीमारेषांनी बॉम्बवाल्यांचं सांगितलं ते बरोबर, पण त्याच कामासाठीची हातात धरायची स्कॅनर मशीन्स ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानच्या हाती लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. ज्या स्थानिक लोकांनी परदेशी फौजांना मदत केली त्यांचेही डोळे-ठसे त्या सिस्टीममध्ये. विचार करा, त्यांनी नाव बदललं, गाव बदललं, डोळे काय करणार? पुढच्याच वर्षी जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर संघटनेच्या लोकांनी अशी वापरलेली मशीन्स चक्क ऑनलाइन विकत घेतली आणि एकाच्या मेमरी कार्डावर २,६३२ लोकांची माहिती निघाली, नावं, फोटो, ठसे, बुबुळं सगळं. एन्क्रिप्शन वगैरे काही नाही. कोणीतरी भंगारात काढताना कार्डसुद्धा काढलं नव्हतं!

त्यामुळे मेहुण्यांना सांगा, सगळं एका डेटाबेसमध्ये हीच सगळ्यात धोक्याची कल्पना आहे. जिथे जमेल तिथे ठसा त्या माणसाच्या कार्डावरच्या किंवा पासपोर्टच्या चिपमध्ये ठेवा आणि तिथल्या तिथे जुळवा. मध्यवर्ती यादी फक्त वॉन्टेड लोकांची, छोटी, आणि तिच्यात कोणी कधी डोकावलं त्याची नोंद राहील अशी.

अवांतर: ठसा चोरायला हॅकिंगच लागतं असंही नाही. २०१४ मध्ये जर्मनीत एका हॅकरने तिथल्या संरक्षणमंत्र्यांच्या बोटाचा ठसा साध्या फोटोंवरून बनवून दाखवला होता. त्याच्याही आधी २००२ मध्ये जपानच्या मात्सुमोतो यांनी जिलेटिनची बोटं करून ११ सेन्सर फसवले होते.

सीमारेषा
कुलूपकिल्ली, चिपचं बरोबर आहे पण चिपने तो यूएईवाला माणूस सापडत नाही ना. तो नवा पासपोर्ट घेऊन येतो, चिपमधला ठसा त्याचाच, जुळणारच. त्याला पकडायला हाकललेल्यांची यादी मध्यवर्तीच लागते. मग वाद एवढाच उरतो की त्या यादीत कोण असावं आणि किती दिवस. यावर मात्र तुमच्याशी सहमत, सगळी प्रजा नको. युरोपने तर २०२४ च्या एआय कायद्यात सार्वजनिक जागी पोलिसांनी लाइव्ह चेहरे ओळखण्यावर बंदीच घातलीये, अपवाद ठेवलेत, म्हणजे दहशतवादी हल्ल्याचा ठोस धोका, हरवलेली माणसं, गंभीर गुन्ह्यातले संशयित. अपवाद बरेच रुंद आहेत म्हणा.

शंकासूर_दोन
बापरे, एवढे प्रतिसाद! धागा जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. मेहुण्यांचं उत्तर आलं, बोस्टन २०१३ चं आहे, आता टेक्नॉलॉजी कुठल्या कुठे गेली. यावर काय म्हणू? आणि बहिणीने मधेच विचारलंय की जुळ्यांचं काय करतं मशीन? (आमच्याकडे जुळ्या भाच्या आहेत.)

मॅचिंगवाला
मेहुणे बरोबर बोलतायत, तेव्हाचे अल्गोरिदम आणि आत्ताचे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फक्त ती सुधारणा व्हिसाच्या फोटोसारख्या समोरून काढलेल्या फोटोवर जास्त दिसते, उंचावरच्या कॅमेऱ्यातल्या धूसर अर्ध्या चेहऱ्यावर कमी. आणि अल्गोरिदम दहापट सुधारला तेवढ्यात कॅमेरे आणि याद्या शंभरपट वाढल्या तर रोजचे खोटे अलार्म उलट वाढतात. त्यांना विचारा, तुमच्या चौकातल्या कॅमेऱ्याने आज ५० जणांवर अलार्म दिला, आता ५० ठिकाणी कोणाला पाठवणार?

जुळ्यांचं म्हणाल तर एकसारख्या जुळ्यांच्या चेहऱ्याला मशीन सर्रास फसतं, फोनचं फेस अनलॉकसुद्धा. ठसे वेगळे असतात. बुबुळ तर इतकं वेगळं की जुळ्यांचं सोडा, एकाच माणसाचा डावा आणि उजवा डोळासुद्धा एकमेकांशी जुळत नाही. भाच्यांना एकमेकींचा फोन उघडून बघायला सांगा, उघडला तर इथे कळवा.