मदत हवी आहे: शंभर वर्षांपूर्वीच्या काचेच्या स्टिरिओ प्लेट्स. एका रंगीत प्लेटमध्ये पुढचं मागे का दिसतं? आणि स्कॅन कशा कराव्यात?

पारिजात

नमस्कार मंडळी,

जुन्या कॅमेऱ्यांमधलं आणि काचेच्या निगेटिव्हमधलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया मदत करा. वस्तू माझी नाही, दुसऱ्याची आहे आणि एकुलती एक आहे, त्यामुळे विचारल्याशिवाय हात लावायची हिंमत होत नाहीये.

मी फ्रान्समध्ये ल्योनला राहते. आमच्या घरमालकीण आजी ऐंशी ओलांडलेल्या आहेत. त्यांच्या आजोबांना फोटोग्राफीचा नाद होता. त्यांनी काढलेल्या काचेच्या प्लेट्सचा एक लाकडी डबा आजींनी माझ्याकडे सोपवलाय, "हे कॉम्प्युटरवर येईल का बघ" म्हणून. डिसेंबरात त्यांचा वाढदिवस असतो, घरातली सगळी नातवंडं जमतात. तोवर झालं तर फार बरं होईल.

प्रत्येक प्लेट मोजून ४५ बाय १०७ मिलिमीटर आहे आणि तिच्यावर शेजारीशेजारी दोन जवळजवळ सारखे फोटो आहेत. कॅमेरा आता घरात नाही, पण डब्याच्या झाकणावर 'व्हेरास्कोप' आणि 'ज्यूल रिशार, पॅरिस' असं छापलंय. सोबत हातात धरून बघायचा छोटा व्ह्यूअर आहे: पुढे दोन भिंगं, मागे दुधी काच. खिडकीकडे तोंड करून त्यात प्लेट घातली की जे दिसतं ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. एका प्लेटमध्ये बर्फात उभी असलेली मुलं आहेत. पुढच्या मुलाने काठी आपल्या दिशेने धरली आहे आणि तिचं टोक अगदी नाकाशी येतं, मागे डोंगर मैलभर लांब. मी चटकन डोकं मागे घेतलं.

बहुतेक प्लेट्स कृष्णधवल आहेत आणि सगळ्या छान दिसतात. रंगीत मात्र दोनच, आणि अडचण तिथे आहे.

पहिली रंगीत प्लेट मधोमध कापून पुन्हा जोडल्यासारखी आहे. वरून दुसरी काच लावून कडेने आणि मधून काळ्या कागदाची पट्टी चिकटवली आहे. ती व्यवस्थित दिसते. दुसरी अखंड आहे, वर काच वगैरे नाही. तिच्यात एका दुकानासमोर फुलांची हातगाडी घेऊन एक बाई उभी आहे. व्ह्यूअरमधून बघितलं की दुकानाची भिंत पुढे येते आणि बाई भिंतीत पाडलेल्या भोकासारखी मागे जाते. बघताना डोळ्यांना त्रास होतो. प्लेट पालथी करून घातली तर पाटीवरची अक्षरं उलटी झाली, पण भिंत पुढेच राहिली.

इथल्या एका दुकानात दाखवली तर ते म्हणाले, "मधून कापून बाजू बदलून देतो." मी नको म्हटलं आणि घेऊन आले.

तर प्रश्न असे. अखंड प्लेटमध्ये असं का होतं, आणि न कापता काही करता येईल का? आणि या सगळ्या प्लेट्स धक्का न लावता स्कॅन कशा करायच्या? माझ्याकडे साधा फ्लॅटबेड स्कॅनर आहे आणि एक मिररलेस कॅमेरा आहे, मॅक्रो लेन्ससकट.

भिंगरी

काय खजिना मिळालाय तुम्हाला! मला एकदम आमचा व्ह्यूमास्टर आठवला. गोल चकतीत चौदा इवलेसे फोटो, म्हणजे सात जोड्या, आणि खटका दाबला की पुढचं चित्र. तत्त्व तेच ना? उत्तर माहीत नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे. डार्करूमवाला, कुठे आहात?

डार्करूमवाला

आलो. पारिजात, सगळ्यात आधी: ती प्लेट कुणालाही कापू देऊ नका. परत आणलीत ते उत्तम केलंत.

आता कारण. दोन भिंगांचा कॅमेरा मागून उघडून बघितला असं समजा. डाव्या भिंगाचं चित्र डाव्या बाजूलाच पडतं, पण डोकं खाली, पाय वर. ते सुलटं करायला प्लेट अर्धा फेरा फिरवावी लागते, आणि फिरवली की डाव्या भिंगाचं चित्र उजवीकडे जातं. म्हणजे डाव्या डोळ्याला उजवं आणि उजव्याला डावं चित्र मिळतं. दोन डोळ्यांच्या चित्रांतला फरक उलटा झाला की मेंदू जवळचं लांब आणि लांबचं जवळ ठरवतो. पालथी केल्यावर फरक पडला नाही, कारण तेव्हा बाजू बदलतात हे खरं, पण प्रत्येक चित्रही आरशातलं होतं. दोन्ही उलटी मिळून खोली होती तशीच राहते.

मग कृष्णधवल प्लेट्स बरोबर का दिसतात? कारण त्या छापलेल्या आहेत. कॅमेऱ्यातून निघाली ती निगेटिव्ह. तिच्यावरून दुसऱ्या काचेवर पॉझिटिव्ह छापताना खास फ्रेम वापरायचे, तिच्यात डावं-उजवं एकेक करून जागा बदलून छापलं जायचं. रिशारच्या कारखान्यात अशी फ्रेम मिळायची. व्हेरास्कोप हा रिशारचा दोन भिंगांचा कॅमेरा, १८९० च्या दशकातला. ४५ बाय १०७ हे माप त्यानेच रूढ केलं आणि पुढे अनेकांनी उचललं. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैनिकांनी खंदकांत याच जातीचे कॅमेरे नेले होते.

रंगीत प्लेटला ही सोय नाही. माझा अंदाज आहे की त्या ऑटोक्रोम आहेत, म्हणजे त्या काळच्या रंगीत फोटोंच्या काचेच्या प्लेट्स. त्यात निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात जी प्लेट होती तीच रसायनांत उलटवून पॉझिटिव्ह करतात. छापायचं काही नाही, प्रत नाही. म्हणून बाजू बदलायच्या तर काच कापूनच बदलाव्या लागत. आजोबांनी एक कापली, दुसरी राहिली. का राहिली कोण जाणे, पण आज आपल्या हातात अखंड स्टिरिओ ऑटोक्रोम आहे, ती तशीच राहू दे. बाजू कॉम्प्युटरवर बदलता येतात.

खात्री करून घ्यायला एक करा. दहा पटीचं भिंग घ्या आणि आकाशाचा किंवा भिंतीचा भाग बघा. रंगांचे वेडेवाकडे विखुरलेले कण दिसले तर ऑटोक्रोम. नीट आखलेल्या रेषा किंवा चौकटी दिसल्या तर त्या काळची दुसरी एखादी पद्धत.

पारिजात

डार्करूमवाला, तुमचं उत्तर वाचून कागदावर दोन डोळे आणि दोन चौकोन काढून बघितले, आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. मनापासून आभार.

भिंगातून बघितलं. कणच आहेत! नारंगी-लाल, हिरवे आणि जांभळट निळे, कुठे कुठे एकाच रंगाचे घोळके, मध्ये काळे बारीक ठिपके. भिंग दूर केलं की बाईचा फिकट गुलाबी झगा. फुलं अगदी स्पष्ट आहेत, पण गाडीजवळ कुणीतरी चालत गेल्याचा नुसता धूर आहे.

डार्करूमवाला

मग शंकाच नाही. ते कण बटाट्याच्या स्टार्चचे आहेत! दळून, चाळून, साधारण १० ते १५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वेगळे काढायचे, तीन रंगांत रंगवायचे, एकत्र करून काचेवर एकाच थरात पसरायचे आणि फटी काजळीने बुजवायच्या. तेच तुमचे काळे ठिपके. त्यावर इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर. प्लेट कॅमेऱ्यात काचेची बाजू भिंगाकडे करून ठेवायची, म्हणजे प्रकाश आधी रंगीत कणांतून गाळून इमल्शनवर पडतो. कणांमुळे खूप प्रकाश अडतो, म्हणून भर उन्हातही सेकंद-दोन सेकंद लागायचे. तुमचा 'धूर' त्यामुळे. तिपाई वापरली असणार हे नक्की.

आणि तुम्ही हे ल्योनमधून विचारताय! लुमिएर बंधूंनी १९०३ मध्ये पेटंट घेतलं आणि १९०७ पासून या प्लेट्स बाजारात आल्या, त्या तुमच्याच गावात, मोंप्लेझिर भागातल्या कारखान्यात बनून. आजोबांनी कदाचित ट्रामने जाऊन आणल्या असतील. तारखेचा शोध असेल तर फोटो १९०७ नंतरचा, आणि तीसच्या दशकाच्या सुरुवातीला काचेऐवजी फिल्म आली, त्याच्या आधीचा धरायला हरकत नाही.

सह्याद्रीवेडा

स्कॅनिंगचं मी सांगतो, काचेच्या निगेटिव्हवर काम करतो.

ऑटोक्रोमचे दोन शत्रू: पाणी आणि प्रकाश. रंग पाण्यात विरघळणारे आहेत. ओलसर फडक्याचा एक हात फिरला तरी डाग पडतात. दमट जागी ठेवलेल्या ऑटोक्रोमवर हिरवे ठिपके दिसतात ते त्याचेच. स्पिरिट, अल्कोहोल, लेन्स क्लीनर यातलं काहीही नको, वरचं व्हार्निश खराब होतं. रबरी फुग्याने हवा मारायची, मऊ कोरड्या ब्रशने फक्त काचेची बाजू झाडायची. इमल्शनच्या बाजूला ब्रशसुद्धा नको.

प्लेट नेहमी कडेला धरा. हातमोजे घालायचे तर नायट्राइलचे, सुती हातमोज्यातून काच निसटते.

फ्लॅटबेडमध्ये वरून प्रकाश देणारं झाकण नसेल तर तो विसरा. साध्या स्कॅनरवर काचेच्या पॉझिटिव्हचं काही होत नाही. तुमचा कॅमेराच चांगला. एक एलईडी लाइट पॅनेल घ्या, रंग खरे दाखवणारं, म्हणजे सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वर. गरम होणारा दिवा नको. प्लेट पॅनेलला चिकटवून ठेवू नका, दोन-तीन इंच वर धरा, म्हणजे पॅनेलचे ठिपके आणि धूळ फोकसमध्ये येत नाही. काळ्या जाड कागदात प्लेटपेक्षा किंचित लहान खिडकी कापून तिच्यावर प्लेट अलगद टेकवायची, ऑटोक्रोमची इमल्शनची बाजू वर, कॅमेऱ्याकडे. तशीच अक्षरं सुलटी येतात. खोलीतले बाकीचे दिवे बंद. फोकस आणि एक्स्पोजर आधी कृष्णधवल प्लेटवर लावून घ्या. ऑटोक्रोम फक्त फोटो काढण्यापुरती प्रकाशावर ठेवायची. आणि हो, ऑटोक्रोम व्ह्यूअरमध्ये घालून खिडकीकडे धरणं आता बंद करा.

रिझोल्यूशन: कृष्णधवलला २४०० डीपीआय (एका इंचात तेवढे पिक्सेल) इतकं पुष्कळ झालं. अख्खी प्लेट साधारण १०,००० बाय ४,२०० पिक्सेल होते. ऑटोक्रोमला मात्र तेवढ्यात एक पिक्सेल जवळपास एका कणाएवढा होतो आणि रंगांची उगाच किरकिर दिसते. जमलं तर प्रत्येक अर्ध्या चित्राचे चार तुकड्यांत फोटो काढून नंतर जोडा. रॉमध्येच (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा. आणि संपादन करताना कणांना 'नॉइज' समजून पुसू नका.

डार्करूमवाला

+१. बाजू बदलायला आणि दोन चित्रं एका पातळीत आणायला स्टिरिओफोटो मेकर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. तेही नको असेल तर साध्या फोटो एडिटरमध्ये मधून कापून अदलाबदल करा. इथे कापायला काही हरकत नाही.

एक सोपी परीक्षा आत्ताच करता येईल. अखंड प्लेटचा मोबाइलवर फोटो काढा, लहान करून स्क्रीनवर ठेवा आणि डोळे तिरळे करून बघा. तिरळ्या नजरेत डावा डोळा उजवं चित्र बघतो, म्हणजे बाजू आपोआप बदलतात. बाई पुढे यायला हवी.

कॅलिडोस्कोप

थोडं अवांतर, पण आपल्याशी संबंध आहे म्हणून. आल्बेर कान नावाच्या फ्रेंच बँकरने जगभर माणसं पाठवून सुमारे ७२,००० ऑटोक्रोम काढून घेतले होते. त्यांतला स्तेफान पासे १९१३-१४ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेला, मुंबईतही. हा संग्रह पॅरिसजवळ बूलोन्य-बियांकूरच्या संग्रहालयात आहे. फ्रान्समध्येच आहात तर आजींना घेऊन जरूर बघा.

मुलांना दाखवायचं असेल तर दोन्ही चित्रं लाल-निळ्या रंगांत एकावर एक ठेवून लाल-निळ्या चष्म्यातून बघणं चांगलं. सगळे एकदम बघू शकतात.

डार्करूमवाला

कृष्णधवलला चालेल. ऑटोक्रोमला लाल-निळा चष्मा मुळीच लावू नका, बटाट्यातून काढलेले ते सगळे रंग त्यात मरतात. त्यापेक्षा मोबाइल आत सरकवायचा पुठ्ठ्याचा व्हीआर व्ह्यूअर घ्या, स्वस्त मिळतो. डाव्या डोळ्याला डावं, उजव्याला उजवं, रंग शाबूत. शिवाय दोन्ही चित्रांतले कण वेगवेगळ्या जागी विखुरलेले असतात, त्यामुळे दोन्ही डोळ्यांनी बघताना दाणेदारपणा बराच कमी जाणवतो. हे एकदा अनुभवाच.

पारिजात

अपडेट देते. तिरळे डोळे करून बघितलं आणि बाई पुढे आली! नवऱ्याला काही केल्या जमत नव्हतं, मोबाइल लांब धरल्यावर जमलं.

लाइट पॅनेल मागवलं, सह्याद्रीवेडा यांनी सांगितलं तसा काळा कागद कापला आणि आधी बर्फातल्या मुलांवर सराव केला. मग दोन्ही ऑटोक्रोम तुकड्यांत काढून जोडले आणि बाजू बदलल्या. पुठ्ठ्याच्या व्ह्यूअरमध्ये आता भिंत मागे गेलीय, फुलांचे थर एकामागे एक सुटे दिसतात, आणि दुकानाच्या अंधाऱ्या दारात एक माणूस उभा आहे. तो आधी मला दिसलाच नव्हता. आजींना नुसता फोटो दाखवला तर म्हणाल्या, हे दुकान त्यांच्या पणजोबांचं असावं. त्यांच्या बहिणीला विचारून सांगणार आहेत.

आता एकच शंका. कापून जोडलेल्या प्लेटची काळी पट्टी एका कोपऱ्यात सुटत चालली आहे. परत चिकटवू का? आणि सगळ्या प्लेट्स त्याच लाकडी डब्यात ठेवू का?

सह्याद्रीवेडा

चिकटवू नका. सेलोटेप तर अजिबात नको आणि घरचा डिंकही नको, ओलावा आत जाईल. आम्लरहित कागदाचं चार पाकळ्यांचं पाकीट मिळतं, त्यात ती प्लेट ठेवा. पट्टी जागच्या जागी राहते. पट्टी बदलायचीच असेल तर काचेच्या प्लेट्स हाताळणाऱ्या संवर्धकाकडूनच. तुमच्या गावात लुमिएर इन्स्टिट्यूट आहे, तिथे विचारलंत तर कुणाकडे जायचं ते कळेल.

बाकीच्या प्लेट्सनाही एकेक पाकीट, आणि लांब कडेवर उभ्या ठेवा. आडव्या एकावर एक रचल्या तर खालच्या तडकतात. जुना लाकडी डबा जपून ठेवा, पण प्लेट्स त्यात नकोत. पुठ्ठ्याचा आम्लरहित डबा, कपाटात मधल्या फळीवर, बाहेरच्या भिंतीपासून आणि हीटरपासून लांब. पाकिटावर पेन्सिलीने लिहा, आणि ते लिहिताना प्लेट आत नसू दे.