फ्लॅटमधील साठवण : पत्र्याची कोठी ठेवावी की प्लास्टिकचे मोठे डबे घ्यावेत?

प्रश्न (जळगाव)
चोपडा तालुक्यातील आमचे धाब्याचे घर बंद करून सासू-सासऱ्यांसह आम्ही जळगावात फ्लॅटमध्ये राहायला आलो आहोत. गावी गहू आणि दादर (रब्बी ज्वारी) पत्र्याच्या कोठीत, बिबडे (ज्वारीचे पापड) व कुरडया जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) डब्यांत, तर गोधड्या आणि ठेवणीतल्या साड्या लोखंडी ट्रंकेत असत. येथे माळा एकच आहे आणि तोही सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबला लागून. झाकणाचे मोठे प्लास्टिक डबे आणून सगळेच त्यांत भरावे, असे यजमानांचे मत आहे. सासूबाई मात्र कोठी सोडायला तयार नाहीत. कशात काय ठेवावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (भुसावळ)
ताई, धान्याच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूने आहे. पातळ प्लास्टिकच्या डब्यात पन्नास किलो गहू भरला की त्याच्या बाजू फुगतात, मग झाकण नीट बसत नाही आणि त्या फटीतून सोंडे आत शिरतात. उंदराने कुरतडण्याची भीती वेगळीच. परंतु कोठी असो वा डबा, भरण्याची वेळ अधिक महत्त्वाची आहे. उन्हात वाळवलेले धान्य गरम असतानाच बंद केले, तर आतला ओलावा रात्री झाकणाखाली थेंबांच्या रूपाने जमतो आणि वरचा थर बुरसतो, म्हणून ते पूर्ण निवल्यावरच भरावे. कोठी भिंतीपासून थोडी दूर, लाकडी फळीवर ठेवावी. रोजचे धान्य लहान डब्यात काढून घ्यावे, म्हणजे पावसाळ्यात मोठे झाकण वारंवार उघडावे लागत नाही. कडधान्याला डब्याने पूर्ण संरक्षण मिळत नाही, कारण भुंग्याची अंडी पुष्कळदा शेतातूनच दाण्यावर आलेली असतात. ते आधी कडक उन्हात वाळवणे आवश्यक आहे.

प्रतिसाद (धुळे)
कपड्यांसाठी प्लास्टिकचे डबे अवश्य घ्यावेत, मात्र माळ्यावर नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी स्लॅबखालच्या बंद डब्यात रेशमी साड्यांचे काय होईल, याची कल्पना करावी. गोधड्या धुऊन, खडखडीत वाळवून झाकणाच्या डब्यात पलंगाखाली ठेवल्या तर उत्तम राहतात. रेशमी आणि जरीच्या साड्या मात्र हवाबंद प्लास्टिकमध्ये ठेवू नयेत. जुन्या सुती धोतरात किंवा मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवाव्यात आणि घड्या अधूनमधून बदलाव्यात, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नयेत आणि खाण्याच्या वस्तूंच्या आसपास तर मुळीच ठेवू नयेत. बिबडे, कुरडया आणि पापड स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. माळ्यावर सुटकेस आणि क्वचित लागणारी भांडी जाऊ द्यावीत.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. गावी काही जण कोठीत ठेवण्यासाठी विषारी गोळ्या आणत असत. फ्लॅटमध्ये त्या वापरता येतील का?

प्रतिसाद (भुसावळ)
कृपया अजिबात वापरू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्यांचा हवेतील ओलाव्याशी संयोग झाला की फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. त्यावर कोणताही उतारा नाही आणि बंद खोलीत झोपलेल्यांचा जीव त्याने जाऊ शकतो. गोदामात प्रशिक्षित माणसांनी करायचे ते काम आहे, राहत्या घरातले नव्हे. घरी वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा गव्हाला हलके एरंडेल चोळणे एवढे पुरेसे आहे. वर्षभराऐवजी सहा महिन्यांपुरताच गहू भरला तर त्याचीही फारशी गरज पडत नाही.

प्रतिसाद (शिरपूर)
एक सूचना जोडतो. पारदर्शक डबे दिसायला सोयीचे असले, तरी ते एकावर एक रचले की नेमका खालचाच हवा असतो. म्हणून डबे विकत घेण्यापूर्वी पलंगाखालची उंची मोजावी आणि प्रत्येक डब्याच्या समोरच्या बाजूस कागद चिकटवून त्यावर आतील वस्तू लिहाव्यात. आमच्याकडे कानबाई या खानदेशातील देवीच्या पूजेची पितळी भांडी आणि वस्त्रे एकाच डब्यात असतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती लागतात, म्हणून आषाढ संपता संपता तो डबा पुढे काढून ठेवतो. सासूबाईंना अक्षरे वाचण्यास त्रास होत असेल, तर कागदाऐवजी रंगीत कापडाची चिंधी बांधावी. गोधडीचा डबा हिरवा, पूजेचा लाल, असे त्यांनाच ठरवू द्यावे, कारण दुपारी घरात कोणी नसताना डबे उघडणार त्याच आहेत.