‘किंमत चुकली होती’ म्हणून रद्द झालेली ऑर्डर: आपल्या ग्रुपवरील चर्चा

सी-४०४: सर्वांना नमस्कार. एका ऑनलाइन दुकानातून आम्ही परवा वॉशिंग मशीन मागवले. किंमत १३,४९० रुपये दाखवली होती आणि तिच्याखाली ‘सणाची विशेष सवलत’ असे लिहिले होते. यूपीआयने पूर्ण रक्कम भरली, ‘आपली ऑर्डर निश्चित झाली आहे’ असा ईमेल आला आणि मशीन शुक्रवारी घरी येईल असेही कळवण्यात आले. आज मात्र किंमत तांत्रिक चुकीने कमी दाखवली गेली, असे सांगून त्यांनी ऑर्डर रद्द केली. तेच मशीन आता १८,९९० रुपयांना विकत आहेत. पैसे परत येतील आणि ५०० रुपयांचे कूपन मिळेल, असे ते म्हणतात. आमचे जुने मशीन आम्ही काल देऊनही टाकले. यात आम्हाला काही हक्क आहे का?

ए-२०३: वहिनी, पैसे परत मिळत असतील तर विषय सोडून द्यावा असे मला वाटते. चूक झाल्यास ऑर्डर रद्द करण्याचा अधिकार दुकानदार आपल्याकडे राखून ठेवतो, हे त्यांच्या अटींमध्ये लिहिलेलेच असते.

बी-१०२ (वकील): काका, तशी अट असते हे खरे आहे, पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संकेतस्थळावरची किंमत हा कायद्याच्या दृष्टीने सहसा ‘प्रस्तावासाठी निमंत्रण’ असतो. ग्राहकाने ऑर्डर देणे हा प्रस्ताव, आणि दुकानदाराने ती स्वीकारली की करार होतो. त्यामुळे दुकानदाराने ऑर्डर नेमकी कधी स्वीकारली, हा खरा वाद असतो. पुष्कळ कंपन्या अटींमध्ये लिहून ठेवतात की पहिला ईमेल ही केवळ पोच आहे आणि स्वीकृती माल रवाना झाल्यावरच होईल. तुम्हाला आलेल्या ईमेलमध्ये मात्र ‘निश्चित झाली आहे’ असे शब्द आहेत आणि पैसेही घेतले आहेत. करार झाला हे यावरून ठरले, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २२ तुमच्या बाजूचे आहे, कारण केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीबाबत चूक झाली एवढ्याच कारणाने करार रद्द करता येत नाही, असे ते कलम सांगते.

ओडिशातील एक प्रकरण मला या संदर्भात फार महत्त्वाचे वाटते. २०१४ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याने ॲमेझॉनवर २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांना दिसला म्हणून मागवला. ऑर्डर निश्चित झाली आणि थोड्याच वेळात किमतीचे कारण देऊन रद्द केली गेली. जिल्हा ग्राहक मंचाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२१ मध्ये राज्य ग्राहक आयोगाने भरपाई, दंडात्मक भरपाई व खर्च मिळून ४५,००० रुपये देण्याचा आदेश दिला. त्याला लॅपटॉप मिळाला नाही, भरपाई मिळाली, हे लक्षात ठेवावे. आपणही तक्रारीत ‘ठरलेल्या किमतीला मशीन द्यावे, अथवा भरपाई द्यावी’ अशा दोन्ही मागण्या ठेवाव्यात.

ए-५०१: ताई, मग १८,००० रुपयांची वस्तू १८० रुपयांना दिसली तर पाच-सहा मागवून ठेवायला हरकत नाही, असे समजायचे का?

बी-१०२ (वकील): नाही, आणि तसे करू नये असे मी आग्रहाने सांगेन. सिंगापूरमध्ये २००३ साली ३,८५४ डॉलरचे लेझर प्रिंटर चुकून ६६ डॉलरला दाखवले गेले, तेव्हा सहा जणांनी मध्यरात्री मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. किंमत चुकीची आहे हे त्यांना कळले होते, असा निष्कर्ष न्यायालयाने त्यांच्या आपसातील संदेशांवरून काढला आणि करार ग्राह्य धरला नाही. अपीलातही तोच निर्णय कायम राहिला. तो निकाल आपल्या आयोगांवर बंधनकारक नाही, तरी त्यामागचा विचार मला न्याय्य वाटतो. उघड दिसणाऱ्या चुकीवर टपून बसणारा आणि सवलत खरी मानून घरासाठी एक वस्तू घेणारा, या दोघांना एकाच मापाने मोजता येणार नाही. वहिनींनी एकच मशीन घेतले, आणि सणाच्या दिवसांत साडेपाच हजारांची सवलत कोणालाही खरीच वाटेल.

ए-२०३: हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. पण ही खरोखरची चूक होती की गिऱ्हाईक ओढण्याची युक्ती, हे आपल्याला कसे कळणार?

बी-१०२ (वकील): एका ऑर्डरवरून ते सहसा कळत नाही. पण विकण्याचा हेतूच नसताना सवलतीच्या किमतीची जाहिरात करणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून याच मशीनबाबत इतरांच्याही ऑर्डर अशाच रद्द झाल्या असतील, तर ती माहिती जमवण्यासारखी आहे.

डी-३०१: थोडा जोडून प्रश्न विचारतो. मला मागच्या महिन्यात मिक्सरच्या भांड्याचे २,१९९ रुपये घेतले आणि खोक्यावर कमाल किरकोळ किंमत १,८९९ छापलेली निघाली. ही चूक कोणत्या प्रकारात मोडते?

बी-१०२ (वकील): तुमचे प्रकरण अधिक सरळ आहे. छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेणे वैधमापन (वजन-मापे) कायद्याच्या नियमांनुसार दंडनीय आहे. तिथे करार कधी झाला हा प्रश्नच येत नाही. खोक्याचा किंमत दिसेल असा फोटो आणि बिल घेऊन वैधमापन खात्याकडे तक्रार करा. जास्तीचे ३०० रुपये परत मागाच.

सी-४०४: ताई, मनापासून आभार. आता सुरुवात कुठून करू?

बी-१०२ (वकील): कूपन आज वापरू नका, कारण तडजोड मान्य केली असे ते पुढे म्हणू शकतील. पैसे खात्यात परत आले तरी ‘हक्क राखून स्वीकारत आहोत’ असे एका ओळीत कळवा. संकेतस्थळाचा जुना स्क्रीनशॉट असेल तर उत्तम. नसेल तर ईमेलमध्ये किंमत आहेच. तो ईमेल, रद्द केल्याचा संदेश आणि यूपीआयची पावती जपून ठेवा, आणि आजच्या १८,९९० च्या किमतीचाही स्क्रीनशॉट घ्या. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचे असते. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तेवढ्यावरही अनेकदा मार्ग निघतो.

तसे झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग (पूर्वीचा जिल्हा मंच) आहे. कंपनीचे कार्यालय कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. जुने मशीन देऊन टाकल्यामुळे बाहेरून कपडे धुऊन घ्यावे लागले, तर त्या पावत्याही ठेवा, भरपाईच्या मागणीला त्यांचा आधार होतो.

सी-४०४: पत्राचा मसुदा आज रात्री लिहिते आणि पाठवण्याआधी तुम्हाला दाखवते. याच दुकानातून सोसायटीतील आणखी कोणाची ऑर्डर रद्द झाली असेल, तर कृपया मला वेगळा संदेश करावा.

ई-१०४: आमचीही झाली आहे, तेच मशीन, तीच किंमत. ईमेल शोधून पाठवते.

बी-१०२ (वकील): मग दोघींनी आपापली पत्रे स्वतंत्र पाठवा. पुढे आयोगाकडे जायची वेळ आली, तर समान हित असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. त्याचा विचार महिनाभरानंतर, कंपनीचे उत्तर पाहून करू.