मोकळा प्लॉट, मालक परदेशात: तोतया मालकाला नोंदणीत कोण अडवतं?

सातबारावाचक: नाशिकजवळ बिनशेती प्लॉट आहे. मालकीणबाई मेलबर्नला असतात, कर्ज नाही, जागेवर कोणी राहत नाही. अशाच जागा तोतया उभा करून विकल्या जातात. दुय्यम निबंधक ओळख नेमकी कशी पडताळतात? आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं की पुरे का? आधीच हरकत अर्ज देऊन ठेवला तर दस्त थांबतो का?

कबुलीजबाब: नोंदणी अधिनियम १९०८ चं कलम ३४ बघा. समोर आलेली माणसं कोण आहेत आणि दस्त त्यांनीच करून दिला का, एवढीच खात्री दुय्यम निबंधकांनी करायची असते. समोरचा माणूस त्या जमिनीचा मालक आहे का, हा प्रश्न कायदा त्यांना विचारतच नाही. मालकीचे कागद दाखवायला लावणारा तमिळनाडूचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केला, तोही याच कारणाने. त्यामुळे हरकत अर्जाची पोच जरूर घ्या, पुढे पुरावा म्हणून कामी येईल. पण दस्त त्याने थांबेल असं समजू नका.

कलम ३२-अ मुळे खरेदीदार आणि विकणारा दोघांचे फोटो आणि बोटांचे ठसे दस्तावर येतात. ही चौकट २००१ च्या दुरुस्तीने आली. तिने फसवणूक थांबत नाही, पण फसवणाऱ्याचा चेहरा आणि अंगठा सरकारदरबारी राहतो.

अंगठा_ठसा: आधारबद्दल गल्लत होते म्हणून लिहितो. बायोमेट्रिक लॉक केल्यावर तुमच्या ठशाने प्रमाणीकरण होत नाही, हे खरं. ते कराच, कारण जुन्या दस्तांवरच्या ठशांवरून रबरी ठसे बनवल्याचं प्रकरण २०१८ मध्ये तेलंगणात उघड झालं होतं. पण तोतया तुमचा ठसा वापरतच नाही. तो तुमच्या नावाचं बनावट कार्ड आणतो, त्यावर फोटो स्वतःचा, आणि ओळख पटवायला दोन ओळखदार त्याचेच. तिथे प्रमाणीकरण न होता नुसती झेरॉक्स लागली, तर तुमचं लॉक कोणाच्या आड येणार? लॉकवर विसंबू नका.

खरी तपासणी खरेदीदाराच्या हातात आहे. विकणाऱ्याने जागा घेतली तेव्हाच्या खरेदीखताची नक्कल काढायची आणि त्यातला फोटो, सही, पॅन समोरच्या माणसाशी ताडून बघायचा. नक्कल कोणालाही मिळते. हे न करता टोकन देणाऱ्यांचेच पैसे जातात.

मुखत्यार: परदेशातल्या मालकाच्या बाबतीत तोतयापेक्षा बनावट कुलमुखत्यारपत्र जास्त सोपं पडतं, आणि पळवाट कायद्यातच आहे. कलम ३३ प्रमाणे परदेशातलं मुखत्यारपत्र तिथल्या नोटरीसमोर, न्यायालयासमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतासमोर झालेलं हवं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या रजनी टंडन निकालानुसार मुखत्याराने स्वतःच दस्तावर सही केली असेल तर तोच दस्त करून देणारा ठरतो आणि ही अट लागत नाही. मग उरतं फक्त मुखत्याराचं घोषणापत्र: मालक हयात आहे, मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही. ते खोटं निघालं तर कलम ८२ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तोवर दस्त झालेला असतो. मुखत्यारपत्र थेट मालकाकडून पडताळून घेण्याची सक्ती कायद्यात यायलाच हवी.

मालकीणबाईंनी पूर्वी कोणाला मुखत्यारपत्र दिलं असेल तर ते नोंदणीकृत दस्ताने रद्द करा आणि त्या माणसाला लेखी कळवा.

सातबारावाचक: म्हणजे दस्त होण्याआधी अडवता येत नाही. मग झाल्यावर लवकर कळावं म्हणून काय करायचं?

फेरफार: लक्ष दोन ठिकाणी ठेवा. एक, नोंदणी विभागाचा ई-सर्च. वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून सूची २, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा, दिसते. गट नंबर, जुना सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबर वेगवेगळे टाकून बघा, कारण दस्तात जसा क्रमांक लिहिला तसाच तो सापडतो. दोन, महाभूमीवरची ‘आपली चावडी’, म्हणजे गावाची डिजिटल नोटीस पाटी. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० ची फेरफार नोटीस तिथे दिसते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. मालकाला टपालाने जाणारी नोटीस बहुधा जुन्या पत्त्यावर जाते, म्हणून चावडी दर आठवड्याला उघडा.

नोटीस दिसली की तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. नोंद तक्रारी रजिस्टरला, म्हणजे वादग्रस्त नोंदींच्या वहीत, जाते, आणि सातबाऱ्यावर नाव न चढल्याने पुढचं गिऱ्हाईक सापडणं अवघड होतं.

कबुलीजबाब: दस्त झालाच असेल तर आधी त्याची प्रमाणित नक्कल घ्या. फोटो, ठसे, ओळखदारांचे पत्ते सगळं त्यात असतं. दस्ताच्या तारखेला मालकीणबाई भारतात नव्हत्या हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून दाखवता येतं. पोलिसात फिर्याद द्या, पण दस्त दुय्यम निबंधक रद्द करत नाहीत, त्यासाठी दिवाणी न्यायालयच. सही तुमची नसेल तर दस्त बंधनकारक नाही असं जाहीर करून मागायचं. मुदत ३ वर्षांची आहे, कळलेल्या दिवसापासूनच हिशेब धरा. दावा दाखल झाला की लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस नोंदवून घ्या. महाराष्ट्रात ती नोंदवलेली नसेल तर मधल्या काळात घेणारा खरेदीदार ‘आम्हाला दाव्याची माहितीच नव्हती’ म्हणून उभा राहतो.