बेडका निगेटिव्ह, म्हणून लेकराला टीबी नाही?

मेळघाटी: काल इथं एकानं लिहिलं, "जंतू दिसल्याशिवाय लेकरांना टीबीच्या गोळ्या देणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे." डोकं फिरलं वाचून. चार वर्षांचं लेकरू बेडका थुंकत नाही भाऊ, गिळते. सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढा लागते. त्यातही जंतू इतके कमी, की सीबीनॅट, म्हणजे जंतू शोधायची मशीनवरची तपासणी, बरेचदा निगेटिव्ह. मग पाहायचं काय? दोन आठवड्यांवर ताप-खोकला, घटलेलं वजन, एक्स-रे, अन् घरात कोण खोकलते. आमच्या पुतणीचा रिपोर्ट निगेटिव्ह. तिचा आजा त्याच खोलीत खोकलत होता. विचारलं कोणं? आशाताईनं. डॉक्टरनं नाही!

यवतमाळकर: लिहिणारा मीच. भाच्याला खासगीत "छातीत गाठी" म्हणून सहा महिने गोळ्या चारल्या. निघाला दमा. त्याचं काय?

वऱ्हाडी मास्तर: मान्टू, ती हातावर सुई टोचून करतात ती टीबीची तपासणी, केली असती तर वाद मिटला असता. गाठ १० मिलिमीटर उठली की झालं.

मेळघाटी: काय झालं? जंतू शिरला एवढंच कळते, आजार झाला हे नाही. अन् हडकलेल्या लेकराच्या हातावर तं उठतच नाही कधीकधी.

यवतमाळकर: मग रक्त तपासा.

लॅबवाला: रक्तातून टीबी पाहायच्या त्या अँटिबॉडी किटवर २०१२ सालीच सरकारनं बंदी घातली. अजून तेच?

पऱ्हाटी: तपासण्या जाऊ द्या. सरकार टीबीच्या पेशंटला देते ते पोषणाचे पैसे कुठं अडकले? नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेचे हजार झाले ना महिन्याला? पोराचं खातं नाही, बापाच्या खात्याला आधार जोडलं नाही. बँकेत गेलं की म्हणतात, सोमवारी या.

लॅबवाला: आईचं खातं द्या.

पऱ्हाटी: आईच्या आधारवर माहेरचं आडनाव. सांगा आता!

वऱ्हाडी मास्तर: आमच्याकडं तर मशीन अंगठाच घेत नाही. कापूस वेचून रेषा राहतात काय?

मेळघाटी: बाप्पा, धागा कशाचा होता?

पऱ्हाटी: गोळ्यांसोबत अंडं कोण देईल, तुम्ही?

यवतमाळकर: बरं, घरात टीबीचा पेशंट असंल तर करा सुरू, मी कोण अडवणारा? पण भाच्याच्या घरी कोणी खोकलतच नव्हतं. ते कोणं विचारलं?

मेळघाटी: नाही विचारलं ना? मग मी वेगळं काय म्हणून राहिलो?

पऱ्हाटी: आडनावाचं सांगते का कोणी?