फॉर्मवर जागा एकाच नावाची आहे. कोणाचं लिहू?

उत्तररात्र:
वय ६४. पुढच्या महिन्यात हृदयाची झडप बदलायची आहे. हॉस्पिटलचा फॉर्म चार दिवस टेबलावर पडून आहे. 'जवळचे नातेवाईक' ही ओळ सोडून सगळं भरून झालंय. तिथे जागा एकाच नावाची, आणि माझ्याकडे दोन आहेत.

एक माझी धाकटी बहीण. मी ३४ वर्षांचा असताना घरी सांगितलं, की मला पुरुष आवडतात, मी लग्न करणार नाही. त्यानंतर आठ वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात आम्ही आळीपाळीने जागायला लागलो, आणि एका पहाटे खुर्चीत डोळा लागला असताना तिने माझ्या अंगावर पांघरूण घातलं. त्यावर आम्ही दोघंही कधी बोललो नाही. पण तेव्हापासून रोज रात्री आठला तिचा फोन येतो.

दुसरा माझा मित्र. अकरा वर्षं आम्ही जोडीदार म्हणून राहिलो, मग वेगळे झालो. त्यालाही चौदा वर्षं झाली. पहिली दोन फार कडवट गेली. आता तो माझ्याच इमारतीत दोन मजले वर राहतो आणि दर रविवारी माझ्या गोळ्यांचा डबा भरतो. मला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून झाकणांवर त्याने स्केचपेनने सूर्य आणि चंद्र काढलेत. माझे सगळे रिपोर्ट त्याला तोंडपाठ. बहिणीला मात्र तो 'दादाचा शेजारी' एवढाच माहीत आहे.

परवा बहीण म्हणाली, "दादा, माझंच नाव घाल. सख्खं दुसरं कोण आहे तुला?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय केलं असतं?

निवृत्त परिचारिका:
वॉर्डात ३१ वर्षं काढली, म्हणून लिहिते. त्या एका ओळीवर तुम्ही दोन कामं टाकताय. फोन कोणाला करायचा, हे एक. तुम्ही शुद्धीवर नसताना डॉक्टरांनी कोणाला विचारायचं, हे दुसरं. फॉर्मवरच्या नावाने बहुतेक वेळा पहिलंच काम होतं. दुसऱ्यासाठी साक्षीदारांच्या सह्या असलेला वेगळा कागद लागतो. नियम देशागणिक बदलतात, तेव्हा तो वकिलाकडूनच करून घ्या. कागद नसेल तर साधारणपणे नवरा-बायको, मुलं, आईवडील, भावंडं अशा क्रमाने विचारलं जातं. म्हणजे तुम्ही काहीच लिहिलं नाही तरी गोष्ट बहिणीपर्यंत पोचेल. मित्रापर्यंत पोचणार नाही.

रात्री दोन वाजता "तुम्ही पेशंटचे कोण?" असं विचारल्यावर गप्प उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. विचारणारी मीच असायचे.

मृत्युपत्रही करून टाका. ज्याला काही द्यायचंय त्याचीच साक्षीदार म्हणून सही घेऊ नका. पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावरून त्याला मिळायचं ते रद्द होतं.

सत्तरीपार:
सिस्टरांशी सहमत. पण तुमचा मित्रही साठीचाच असणार ना? आपण जोडलेली माणसं बहुतेक आपल्याच वयाची असतात, आणि सगळे एकदमच थकतात. तिशीत आमचा सातजणांचा गट होता. १९९६ च्या सुमारास एचआयव्हीवर एकत्रित औषधं आली, तोवर त्यातले तिघे गेले होते. आज माझ्याशिवाय दोघे आहेत. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला जिना चढवत नाही. म्हणून माझ्या कागदावर दुसरं नाव एका चाळिशीतल्या मैत्रिणीचं आहे.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १७ मे १९९० ला. मी तेव्हा ३६ वर्षांचा होतो. तोवर एकमेकांना लपवणं हेच एकमेकांची काळजी घेणं होतं. ती सवय अंगात मुरते. 'शेजारी' हा शब्द तिथूनच आलाय का, बघा.

धाकटा भाचा:
माझा मामा सहा वर्षांपूर्वी अचानक गेला. त्याचा फोन उघडता येईना, कोणाला कळवायचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. नवव्या दिवशी एक गृहस्थ दारात आले, हातात मामाचा चष्मा. त्यांच्याकडे राहिला होता. फोन लागत नाही म्हणून चौकशीला आले होते. आईने त्यांना उंबऱ्यातच सांगितलं. वीस वर्षं ते दर शनिवारी भेटत होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आई अजून म्हणते, "मला माहीत असतं तर त्यांना शेवटचं बघू तरी दिलं असतं." काका, बहिणीला सांगा.

उत्तररात्र:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आठच्या फोनवर सांगितलं, की तो शेजारी नाही, आम्ही अकरा वर्षं एकत्र राहिलो होतो. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला ती आठ वर्षं आठवली, हात गार पडले.

मग तिने विचारलं, "आईच्या वेळी खाली गाडीत बसून असायचे, ते हेच का?"

हेच. आई गेली त्या रात्रीही तो खालीच होता. मीच त्याला वर येऊ दिलं नव्हतं. हे सांगताना मला बोलता येईना, तेव्हा तीच म्हणाली, "त्यांचा नंबर दे."

फॉर्मवर बहिणीचं नाव लिहिलं. रोजचा फोन तिचाच असतो, हॉस्पिटलचा फोनही तिलाच जाऊ दे. निर्णयाच्या कागदावर मित्राचं, तो नसेल तर तिचं. तिसरं, तरुण नाव अजून सुचलेलं नाही. वकिलांची वेळ बुधवारची आहे. आणि रविवारी ती इकडे येतेय, गोळ्यांचा डबा कसा भरायचा ते त्याच्याकडून शिकून घ्यायला.