नव्या एसयूव्हीचं ब्रेक पेडल खाली बसतंय, शोरूम म्हणतं दोष नाही. गाडी बदलून मिळते का?

तापीकाठ, जळगाव

राम राम मंडळी. गाडी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, घेऊन अजून वर्ष झालेलं नाही. एक्स-शोरूम साडेबारा लाखांच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

सिग्नलला ब्रेकवर पाय हलका ठेवून उभं राहिलं की पेडल हळूहळू खाली जातं. कन्नड घाट उतरून चाळीसगावकडे येताना पेडल जास्तच लांब लागतं. एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा मधूनच लागतो, गाडी बंद करून चालू केली की जातो. शोरूमने एकदा ब्रेकच्या पाइपमधली एअर (हवा) काढली, एकदा ब्रेक ऑइल बदललं. दोन्ही जॉबकार्डांवर "चाचणी घेतली, दोष आढळला नाही" एवढंच लिहिलंय. तोंडी सांगतात की खान्देशातल्या उन्हामुळे असं होतं.

अमेरिकेत लेमन लॉ आहे, ब्रेकची दुरुस्ती दोनदा फसली की गाडी परत घेतात, असं ऐकलं. आपल्याकडे काय करता येतं? आणि दोष नक्की कुठे आहे हे कसं शोधायचं?

---

पाना_बारा, धुळे

भाऊ, कायद्याचं बाकीचे सांगतील, आधी गाडीचं बघा. पेडल खाली बसत असताना ही गाडी घाटात नेऊ नका.

उन्हाचं कारण पटणारं नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे खरं, पण घाट उतरताना डिस्क ३०० अंशांच्या वर सहज तापते आणि ब्रेक तेवढं सोसायलाच बनवलेले असतात. सिग्नलला उभ्या गाडीचं पेडल बसायला ऊन कारण होत नाही.

चाचणी अशी करा. सपाट जागा, गिअर पी मध्ये, हँडब्रेक लावलेला, इंजिन चालू. पेडल हलकं दाबून एक मिनिट तसंच धरा. जोर हलकाच हवा. जोरात दाबलं की मास्टर सिलिंडरमधला (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) रबरी वॉशर भिंतीला घट्ट चिकटतो आणि गळती लपते. शोरूमचा माणूस दणकून दाबतो आणि "ठीक आहे" म्हणतो, ते यामुळेच. इंजिन चालू करताना पेडल एकदा थोडं खाली जाणं ठीक आहे, तो बूस्टरचा (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम असतो. त्यानंतरही ते सरकतच राहिलं तर दोष आहे.

आता ऑइलच्या डबीची पातळी बघा. पातळी कमी होत असेल तर गळती बाहेर आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला, होजच्या (रबरी नळ्यांच्या) जोडांवर आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे बसतो तिथे ओल शोधा. मागचं सील गेलं तर ऑइल बूस्टरच्या पोटात जातं आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही. पातळी जशीच्या तशी असून पेडल बसत असेल तर संशय दोनच ठिकाणी: मास्टर सिलिंडर आतून बायपास करतोय, म्हणजे दाब आतल्या आत सुटतोय, किंवा एबीएस मॉड्युलेटरचा (चाकांकडे जाणाऱ्या ऑइलचा दाब सांभाळणाऱ्या डब्याचा) एखादा व्हॉल्व्ह कचरा अडकून नीट बंद होत नाहीये.

दोन्हींतला फरक वर्कशॉपमध्ये अर्ध्या तासात कळतो. मास्टर सिलिंडरचे पाइप काढून तोंडांना प्लग लावायचे, आतली हवा काढायची आणि पेडल दाबायचं. तरी बसलं तर मास्टर सिलिंडर गेला. घट्ट राहिलं तर पुढे मॉड्युलेटर तपासायचा. होजला पक्कड लावून अडवू देऊ नका, आतलं रबर फाटतं.

एअरबद्दलही एक विचारा. या गाड्यांत मॉड्युलेटरमध्ये अडकलेली हवा नुसतं पेडल मारून निघत नाही. स्कॅनरवरून पंप आणि व्हॉल्व्ह चालवून काढावी लागते. तुमच्या जॉबकार्डवर "एअर काढली" आहे, पण कोणत्या पद्धतीने काढली ते लिहिलेलं नाही.

घाटातल्या तक्रारीत दोन प्रकार वेगळे ओळखायचे. पेडल घट्ट, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून पकड गेली. पेडल मऊ आणि लांब, तर ऑइल उकळून वाफ झाली किंवा सिस्टिममध्ये हवा आहे. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत येऊ शकतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलतात. वर्षाच्या आतल्या गाडीत हे कारण सहसा नसतं, पण शोरूमने बदललेलं ऑइल कोणतं आणि डबा सीलबंद होता का, ते बिलावर लिहून घ्या.

एबीएसचा दिवा लागला असेल तेव्हा गाडी बंद न करता थेट शोरूमला न्या, किंवा निदान चालू दिव्याचा व्हिडिओ घ्या. गाडीच्या संगणकात साठलेला दोषाचा कोड पुसण्याआधी त्याची प्रिंट मागा, सोबत फ्रीज फ्रेमची, म्हणजे कोड आला त्या क्षणाचा वेग, व्होल्टेज वगैरे. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे, पी पासून सुरू होणारे कोड वाचतो. एबीएसचे सी पासून सुरू होतात, त्याला कंपनीचा किंवा सगळ्या मॉड्यूलांचा स्कॅनर लागतो.

---

वकिली_कट्टा, अमळनेर

अमेरिकेचं तुम्ही ऐकलं ते अर्धं बरोबर आहे. तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत जीवावर बेतेल असा दोष दोनदा प्रयत्न करूनही गेला नाही, इतर दोष चार वेळा करूनही गेला नाही, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर कंपनीला दुरुस्तीची पुरेशी संधी मिळाली असं गृहीत धरतात. पुढे सिद्ध करण्याचा बराचसा भार कंपनीवर जातो.

आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही आणि असा आकडाही नाही. आहे तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू २० जुलै २०२० पासून. कलम ३९ खाली ग्राहक आयोग दोष काढून द्या, माल बदलून द्या, किंमत परत करा, नुकसानभरपाई द्या, यांपैकी काहीही सांगू शकतो. पण दोष सिद्ध करायचा भार तुमच्यावर आहे. "दोष आढळला नाही" असं लिहिलेली जॉबकार्डं घेऊन गेलात तर तुमचाच कागद तुमच्या विरोधात उभा राहील.

म्हणून पुढच्या वेळी गाडी देताना तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून द्या आणि दर वेळी तेच शब्द वापरा: "इंजिन चालू असताना हलक्या दाबाखाली पेडल सलग खाली जाते." शोरूमचे सर्व्हिस सल्लागार त्याचं "ब्रेक चेक" करून टाकतात, तसं करू देऊ नका. जॉबकार्डवर किलोमीटर, गाडी दिल्याची आणि घेतल्याची तारीख-वेळ आणि नेमकं काय तपासलं हे हवं. वर सांगितलेली प्लगची चाचणी केली की नाही, ते लेखी विचारा. गाडी घेताना समाधानाच्या कागदावर सही मागतात, तिथे "दोष कायम, नाराजीने ताब्यात घेतली" असं लिहून सही करा. त्याच दिवशी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, जॉबकार्डाचा फोटो जोडून. मग कंपनीच्या टेक्निकल इंजिनिअरसोबत एकत्र रोड टेस्ट मागा आणि निष्कर्ष लेखी घ्या.

यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण कंपनीकडून लेखी उत्तर येतं आणि ते पुढे कामाला येतं.

तेही निष्फळ ठरलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं आणि तुम्ही राहता तिथे दाखल करता येतं. कंपनीचं कार्यालय पुणे, चेन्नई, गुरुग्राम कुठेही असो, जळगावचा आयोग चालतो. १० ते २० लाखांच्या टप्प्याला फी ४०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वॉरंटी संपायची वाट बघत बसू नका. उत्पादक आणि डीलर दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर डीलर कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी डीलरकडे. उत्तराला त्यांना ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५ मिळतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही मुदत पक्की केली आहे.

तुमच्या प्रकरणात तज्ज्ञाचा अहवाल निर्णायक ठरेल. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर कलम ३८ खाली आयोग माल योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो, अहवालाची मुदत ४५ दिवस. हा अर्ज तक्रारीसोबतच द्या. त्याआधी शासकीय तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ऑटोमोबाइल, मेकॅनिकलच्या प्राध्यापकांकडून किंवा परवानाधारक सर्व्हेअरकडून लेखी तपासणी करून घेतलीत तर तक्रारीला वजन येतं. ओळखीच्या गॅरेजवाल्याची चिठ्ठी टिकत नाही.

आता गाडी बदलून मिळते का. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्लचच्या एका प्रकरणात म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून द्यायची अट असेल, तर कंपनीची जबाबदारी तेवढीच. अख्खी गाडी बदलायचा आदेश टिकला नाही, भरपाई मिळाली. कंपन्या हा निकाल हमखास पुढे करतात. त्यामुळे फक्त "गाडी बदला" अशी एकच मागणी ठेवू नका. आधी गाडी बदलणे किंवा किंमत परत, ते नाही तर मास्टर सिलिंडर आणि मॉड्युलेटर नवीन, वाढीव वॉरंटी, गाडी पडून राहिली त्याची भरपाई आणि खर्च, अशी पर्यायी मागणी लिहा. वारंवार दुरुस्ती करूनही सुरक्षेचा दोष जात नाही हे कागदावर दिसलं तर पहिल्या मागणीत जोर येतो.

उत्पादन दायित्वाच्या प्रकरणामागे, म्हणजे कलम ८२ ते ८७, सध्या लागू नका. त्यातल्या हानीच्या व्याख्येत उत्पादनाचं स्वतःचं नुकसान धरलेलं नाही. ब्रेक निकामी होऊन कुणाला इजा झाली तर ते कामाचं.

---

केळीपट्टा, रावेर

वरचं सगळं बरोबर, एक भर घालतो. रिकॉल तपासा, म्हणजे कंपनीने दोषामुळे गाड्या परत बोलावल्यात का ते. आरसीवरचा चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की तुमची गाडी एखाद्या मोहिमेत आहे का ते दिसतं. रिकॉलचं काम फुकट होतं. मारुतीने ऑक्टोबर २०२२ मध्ये वॅगन आर, सेलेरिओ, इग्निस मिळून ९,९२५ गाड्या मागच्या ब्रेक असेंब्लीच्या पिनसाठी परत बोलावल्या होत्या. बीएमडब्ल्यूने २०२४ मध्ये जगभरातल्या सुमारे १५ लाख गाड्यांबाबत, त्यात एक्स मालिकेतल्या एसयूव्हीही, पुरवठादाराकडून आलेल्या इंटिग्रेटेड ब्रेक सिस्टिमचा दोष जाहीर केला. त्यामुळे नव्या गाडीत ब्रेकचा दोष असूच शकत नाही, हे शोरूमचं म्हणणं मनावर घेऊ नका.

मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलंय. १ एप्रिल २०२१ पासून सरकार स्वतः रिकॉलचा आदेश देऊ शकतं, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. सरकारच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवा. एका तक्रारीने काही हलत नाही, ठरावीक प्रमाणात तक्रारी जमल्या तरच चौकशी लागते. म्हणून त्याच मॉडेलचे धुळे, नंदुरबार, मालेगाव, बुरहाणपूरचे मालक शोधा आणि प्रत्येकाला आपापली तक्रार टाकायला लावा.

---

तापीकाठ, जळगाव

फार उपयोग झाला. एक राहिलं: गाडी बँक कर्जावर आहे आणि आरसी आमच्या ट्रेडिंग फर्मच्या नावावर. ग्राहक म्हणून उभं राहता येईल का? हप्ते थांबवू का?

---

वकिली_कट्टा, अमळनेर

हप्ते अजिबात थांबवू नका. बँकेचा करार वेगळा आहे, थकबाकीची नोंद फक्त तुमच्या नावावर बसेल.

फर्मचं नाव आलं की समोरचा वकील पहिल्याच दिवशी "व्यावसायिक कारणासाठी खरेदी" हा आक्षेप घेतो. बघितलं जातं ते हे, की खरेदीचा मुख्य हेतू नफा कमावणं होता का. मालवाहतूक किंवा भाड्यासाठी नसून भागीदार आणि कुटुंबाच्या वापरासाठी गाडी असेल, तर तसं शपथपत्रात स्पष्ट लिहा आणि खाजगी वापराची विमा पॉलिसी जोडा. फर्मने गाडीवर जीएसटी क्रेडिट किंवा घसारा घेतला असेल तर तो मुद्दा निघणारच. सीएकडून आधीच माहिती घेऊन ठेवा. पिवळ्या पाटीची गाडी स्वतः चालवून पोट भरणारा मात्र कायद्यातल्या स्वयंरोजगाराच्या स्पष्टीकरणाखाली ग्राहकच ठरतो.

---

पाना_बारा, धुळे

अजून एक. मोठे टायर, बाहेरचे पॅड, बाहेरून बसवलेला सीएनजी किट, यांतलं काही असेल तर कंपनी दोष त्यावर ढकलते. मूळ टायर-पॅड परत बसवून मगच तपासणीला द्या आणि ते जॉबकार्डवर नोंदवून घ्या. आयोगाने गाडी तपासायला सांगेपर्यंत बाहेरच्या गॅरेजमध्ये मास्टर सिलिंडर उघडू नका. आणि शोरूमने वॉरंटीत तो बदलला तर जुना भाग तुमच्यासमोर पिशवीत सील करून त्यावर तारीख आणि चासी नंबर लिहायला लावा. वॉरंटीतला जुना भाग कंपनी परत नेते, तेव्हा तो सांभाळून ठेवायचा ईमेल त्याच दिवशी गेला पाहिजे.